बरोबर तिथंच तुटणारी लाइन

सांगलीत मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो, त्या सुभेदारांचा फोन ज्याला ज्याला आला असेल, त्याला एकदा तरी वाटलं असेल की हा माणूस आपल्यावर चिडलाय. ते फोन लावायचे, सांगायचं ते सांगायचे आणि बंद करायचे. "बरंय मग", "ठेवतो", "या एकदा" यातलं काही नाही. गॅसवाल्याला, "सिलिंडर संपला, पाठवा," की बंद. तो बिचारा पत्ता विचारायला परत फोन करायचा, पण ते उचलायचे नाहीत, कारण त्यांचा निरोप देऊन झालेला असायचा. मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी फोन करून, "कळलं. चांगलं झालं," एवढं म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मेहुणा काय चुकलं ते विचारायला मिरजेहून घरी आला. सुभेदारांनी त्याला जेवू घातलं, पण तो का आलाय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळी गल्ली त्यांना सुभेदार म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. फौजेत ते सिग्नलमध्ये होते. उभी नोकरी वायरलेस सेटपुढे गेली. मी एकदा धीर करून विचारलं, की फोन असा मध्येच का ठेवता? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला.

"मधी कुटं? निरोप संपला की चॅनल सोडायचा, मास्तर. आपल्यामागं दुसरा कोणतरी थांबलेला असतो."

"पण आता कोण थांबलेलं असतं, साहेब?"

"ते आपल्याला काय म्हाईत?"

आणि ते उठून आत गेले. समोरासमोरचं बोलणंही ते असंच संपवत.

वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून खरखर ऐकल्यामुळे त्यांचे दोन्ही कान गेले होते. डावा पार गेलेला, उजवा थोडा शिल्लक. कानाचं मशीन आणलं होतं, ते डबीतच असायचं. "त्यात पुन्हा तीच खरखर हाय," म्हणायचे. समोरच्याचे ओठ बघून ते सगळं ओळखत. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत. आवाज बंद केला की माणूस खरं बोलतोय का ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पडद्यावरच्या कित्येक मोठ्या लोकांना त्यांनी त्या एका कसोटीवर नापास केलं होतं.

मी शिराळ्याकडच्या एका खेड्यातला. वडील गुऱ्हाळावर काम करायचे. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. सांगलीत एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली आणि खोली बघायला मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी भाड्याचं काही विचारलं नाही.

"घरात शिकलेलं कोण?"

"मीच पहिला."

"म्हंजे चुकलास तर सांगणारं कोण न्हाई."

"नाही."

"मग मी सांगीन. सामान आण जा."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. शर्टाचं वरचं बटण, पालकसभेत उभं कसं राहायचं, मुख्याध्यापकांनी बोलावलं तर आधी काय बोलायचं, सगळं सांगितलं. माझ्या पदवीचा कागद मी गुंडाळी करून पेटीत ठेवला होता. तो त्यांनी मागून घेतला, चौकट करून आणली आणि माझ्या खोलीत नाही, खाली त्यांच्या हॉलमध्ये लावली. "तुज्या खोलीत कोण बघणार? तुला तर म्हाईतच हाय," म्हणाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आल्यागेल्याला ती चौकट त्यांच्याच मुलाची वाटायची. लोक तसं बोलून दाखवायचे आणि सुभेदार त्यांची चूक दुरुस्त करायचे नाहीत. माझ्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असू दे की. भिंत मोठ्या माणसाची हाय."

अशा माणसाने सत्तरीनंतर मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर घेतला तेव्हा मला नवल वाटलं. बातम्या बघायला, असं ते म्हणाले. मी जोडून दिला, चालवायला शिकवला. पण बातम्या बघणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, टेबलाखाली पायात बूट घालून बसत नाही. एकदा शाळा लवकर सुटली म्हणून मी आलो तर ते तसे बसलेले दिसले. मला पाहून त्यांनी पडदा बंद केला.

"बूट कशाला, साहेब?"

"तू वर जा."

त्यानंतर काही दिवसांनी तक्रार सुरू झाली. "सेट पडतोय." कॉम्प्युटर, त्याचं वायफाय, सगळ्याला मिळून ते सेटच म्हणत. मध्येच नेट जातं, थोड्या वेळाने आपोआप येतं, एवढं मला कळलं. कधी जातं ते सांगेनात.

"पडतो तवा पडतो."

"पण वेळ कळली तर शोधायला बरं पडेल."

"वेळ सोड. दोष शोध."

मला माझं ज्ञान दाखवायची हौस होती. मी त्यांच्या कॉम्प्युटरचा वीज वाचवण्याचा पर्याय बंद केला, कारण कधी कधी त्यामुळे वायफायचा भाग झोपी जातो. वायफायचा प्रोग्राम नवीन घातला. शेजारच्या घरांची नेटं एकमेकांवर चढतात म्हणून राउटरचा चॅनल बदलला. चॅनल हा शब्द ऐकून ते खूश झाले. पण त्यांचा एक नियम होता. एका वेळी एकच बदल. आज मी एक गोष्ट बदलली की ती चार दिवस बघायची, मगच दुसरी. "धा गोष्टी एकदम बदलल्यास आणि सेट सुधारला तर कशानं सुधारला ते कसं कळंल?" हे बरोबरच होतं. आज वाटतं, की एवढं बरोबर असण्याची तेव्हा गरज नव्हती.

आपल्या परीने त्यांनीही शोध चालवला. हॉलमधलं लोखंडी कपाट जागेवरून हलवलं. आरशावर चादर टाकली. शेजारच्या वहिनींना जाऊन विचारलं, की तुमचा मायक्रोवेव्ह दिवसातून किती वेळा लावता? त्या घाबरून म्हणाल्या, "आवं, आम्ही फक्त पापड भाजतो त्यात." नेटच्या कंपनीचा माणूस सकाळी आला, तपासून गेला. त्याच्यासमोर नेट सुरळीत. दोनदा असं झालं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आजोबांच्याकडनंच बंद होत असंल हो चुकून." हे त्याने तोंड वळवून म्हटलं नव्हतं. सुभेदारांनी ओठ वाचले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग एका संध्याकाळी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. ते वर कधी येत नसत, भाडेकरूच्या खोलीत घरमालकाने जाऊ नये असा त्यांचा नियम होता. कपडे इस्त्रीचे, पायात बूट. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आता हा दोष काडायलाच लागतोय, मास्तर. लय वाईट झालं."

त्यांचा धाकटा भाऊ कोरेगावकडच्या त्यांच्या गावी असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो पडून मांडी मोडल्यापासून अंथरुणावर होता. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कारण एक फोन. सुभेदार तिकडे आसामच्या बाजूला असताना गावी त्यांची आई गेली. भावाने पोस्टात तासन्‌तास बसून ट्रंक कॉल लावला, आणि लाइन लागल्यावर, आई गेली, एवढं सांगितलं. इकडून सुभेदार म्हणाले, "निरोप मिळाला," आणि फोन ठेवून दिला. ते गावी पोचले तेव्हा दिवसकार्य उरकलं होतं. भाऊ त्यांच्याशी बोलला नाही. तेव्हापासून बोललाच नव्हता.

आता पुतण्याने मध्ये पडून पडद्यावर गाठ घालून दिली होती. साध्या फोनवर सुभेदारांना ऐकू येत नाही, चेहरा दिसायला पाहिजे, म्हणून तो कॉम्प्युटर. रोज संध्याकाळी पाच वाजता. नळाला त्याच्या जरा आधी पाणी येतं, त्यामुळे काकू, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा मागच्या बाजूला पाणी भरण्यात असतात. बायकोच्या देखत भावाशी बोलायची त्यांना लाज वाटायची. सुरुवातीला नुसतं ऊस, पाऊस, म्हैस. हळूहळू बोलणं जवळ येत चाललं. पण जरा जवळ आलं की सेट पडायचा.

"आज त्यानं इचारलं," सुभेदार म्हणाले. "दादा, आई गेली तवा तू फोन का ठेवलास? असं सरळ इचारलं. मी तोंड उघडलं, आन्‌ पडला सेट."

परत जोडल्यावर तिकडून कोणी उचलत नव्हतं. त्यांच्यासाठी मी माझ्या फोनवरून पुतण्याला फोन केला. नेट गेलं होतं, त्यांनी तोडला नाही, हे सांगितलं. पुतण्या चांगला मुलगा होता, वडिलांना आबा म्हणायचा. म्हणाला, "मी बी तेच सांगितलं ओ आबांना. आबा म्हणत्यात, लाइन तुटती तर तुटू दे, पर बरोबर तिथंच कशी तुटती? म्हणत्यात, त्यो तवाबी तसाच होता, आताबी तसाच हाय."

हे मी सुभेदारांना त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं. ते बराच वेळ माझ्या ओठांकडेच बघत राहिले, जणू आणखी काही यायचं राहिलंय.

"आपण सरळ गावी जाऊ," मी म्हणालो. "सकाळची एसटी पकडली तर दुपारपर्यंत पोचू."

"आणि काय सांगू त्याला? मशीनचा दोष हाय म्हणून? कुठला दोष, इचारलं तर?"

"ते शोधू नंतर."

"आधी दोष काडायचा. हातात पुरावा घ्यायचा. मग जायचं. त्यानं बरोबर इचारलंय, मास्तर. बरोबर तिथंच का?"

मी जास्त ताणलं नाही. त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर दोष दोन दिवसांत सापडेल अशी मला खात्री होती.

मी शाळेतून लवकर यायची परवानगी काढली. रोज पाच वाजता मी वरच्या खोलीत माझ्या मोबाइलच्या नेटवरून आणि ते खाली हॉलमध्ये कॉम्प्युटरवरून, असा कॉल लावायचो. त्यात बोलायला काही नसायचं. ते मला विचारायचे, "दिसतोय?" मी म्हणायचो, "दिसताय." ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. उसाच्या तोडीपासून पाचगणीच्या स्ट्रॉबेरीपर्यंत सगळं झालं. सेट काही पडेना. आठवडा गेला. सुभेदारांना त्याचाच जास्त त्रास व्हायला लागला. दोष नाहीच असं ठरलं तर मग तोडणारे तेच ठरत होते.

एके दिवशी वर्तमानपत्र संपलं. त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आमची आई शेवया करायची, मास्तर. मी सुट्टीवरनं परत निघालो की ट्रंकेत वरच्या बाजूला ठेवायची, मोडू नयेत म्हणून. आसामपतूर जाऊन नुसता चुरा व्हायचा. मी तिला कधी सांगितलं न्हाई." त्यांचा आवाज उतरला होता. "त्यो चुरा मी..."

आणि पडद्यावर त्यांचा चेहरा तोंड अर्धं उघडं असताना थिजला.

त्याच क्षणी माझ्या पायाखाली, मागच्या बाजूने मोटरचा घुर्र आवाज सुरू झाला होता.

मी धावत खाली गेलो. हॉलमध्ये सुभेदार पडद्याकडे बघत बसले होते. त्यांना मोटर ऐकू येणं शक्यच नव्हतं. मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात राउटरचे दिवे एकदम जाऊन पुन्हा एकेक लागत होते. कंपनीची तार तिथूनच आत येते म्हणून राउटर तिथल्याच विजेच्या बोर्डावर लावलेला, आणि पाण्याची मोटरही त्याच लाइनवर. जुनी मोटर सुरू होताना एवढी वीज ओढायची की राउटर विझून परत सुरू व्हायचा. कॉम्प्युटर हॉलमध्ये इन्व्हर्टरवर होता, म्हणून तो बंद पडत नव्हता, आणि म्हणून कोणाला संशय येत नव्हता.

मागच्या दारात काकू मोटरच्या बटणापाशी उभ्या होत्या. वर गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, भिंतीवरून पाणी ओघळत होतं.

"काकू, टाकी भरलीय की."

"माहितेय रे."

"मग?"

त्यांनी आत एकदा बघितलं. नवऱ्याला ऐकू येत नाही हे माहीत असूनही आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांना वाटतं, ते हळू बोलतात. मला स्वयंपाकघरापर्यंत शब्द न्‌ शब्द येतो. भावाशी बोलताना घसा दाटतो त्यांचा. मी ऐकलं असं त्यांना कळलं तर पुन्हा बोलायचे नाहीत ते. म्हणून त्यांचा आवाज उतरला की मी मोटर लावते. माझ्याही कानावर नको, शेजारणीच्याही नको. तेवढंच मोकळं होऊ दे त्यांना."

मोटर घुरघुरत होती. तिच्यानेच कॉल तुटतो हे काकूंना न सांगता मी हात लांबवून बटण बंद केलं.

राउटर मी इन्व्हर्टरच्या बोर्डावर नेला. एक लांब वायर आणि दोन खिळे लागले. सुभेदार मागे हात बांधून बघत होते.

"काय हुतं?"

"व्होल्टेज, साहेब. मोटर सुरू झाली की राउटर बंद पडायचा."

"पाणी आलं की मोटर एकदा लागती. ती कॉलच्या आधी."

"टाकी भरल्यावरही लागत होती."

"कशाला?"

मी वायरकडे बघत राहिलो. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. उत्तर वाचायला ओठ तर दिसले पाहिजेत. मी ते मिटूनच ठेवले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बोळाकडे, मग मागच्या दाराकडे. हनुवटी सोडली आणि आत गेले.

आपण दुसऱ्याच दिवशी निघू, असं त्यांनी जेवताना सांगितलं. पण सकाळी मी आंघोळ करून खाली येतोय तोवर पुतण्याचा फोन आला. आबांना पहाटे झटका आला होता. कोरेगावच्या दवाखान्यात नेलं होतं. जीव वाचला, पण उजवी बाजू आणि बोलणं गेलं.

आम्ही गेलो ते त्यांना घरी आणल्यावर. सुभेदार, काकू आणि मी. एसटीत सुभेदार खिडकीशी बसले होते. कराड गेलं, सातारा आला. गावात सगळी ओळखीची माणसं, "सुभेदार आलं, सुभेदार आलं" करत घरापर्यंत मागे आली आणि दारात थांबली.

भाऊ खाटेवर उताणा होता. चेहरा सुभेदारांसारखाच, फक्त एका बाजूला ओढलेला. पुतण्या त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "आबा, दादा आल्यात." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "डोळं उघडं असत्यात, पर कळतंय का न्हाई ते आमाला बी समजत न्हाई."

काकूंनी दिराच्या पायांना हात लावला, डोळ्यांना पदर लावला आणि उठल्या. "तुम्ही बोला. मी बाहेर बसते."

सुभेदारांनी त्यांच्याकडे न बघता त्यांचं मनगट धरलं.

"बस हितंच. हितं मोटर न्हाई लावायला."

काकू जागच्या जागी बसल्या.

मग सुभेदार भावाच्या तोंडावर वाकले आणि बोलायला लागले. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत असणार. दारातल्या माणसांपर्यंत सगळं जात होतं.

"धाकल्या, त्या दिवशी मला रडू आलं रं. माज्यामागं पोरं रांगेत हुबी हुती, घरला फोन लावायला. सगळी माज्या हाताखालची. तू 'आई' म्हणालास आन्‌ माजा आवाजच गेला. निरोप मिळाला, एवढं कसंतरी म्हणालो. आणखी एक शब्द काडला असता तर फुटलो असतो. म्हणून ठेवला. तुज्यावर न्हाई ठेवला. ऐकतोस का? तुज्यावर न्हाई."

एवढंच होतं. संध्याकाळच्या कॉलमध्ये कितीतरी वेळा मावलं असतं. नेट जाऊन परत यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाही याला लागला नाही.

बोलून झाल्यावर ते तसेच वाकून राहिले. नजर भावाच्या ओठांवर. ओठ हलले नाहीत. भावाचे डोळे मात्र भरून आले आणि डाव्या कानशिलावरून पाणी उशीवर उतरलं. सुभेदारांनी ते बोटाने पुसलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "कळलं त्याला. बघितलंस, मास्तर? कळलं."

"झटक्यापास्नं तसंच हाय," पुतण्या माझ्याजवळ येऊन म्हणाला. "दिवसभर डोळ्यातनं पाणी येतंय."

सुभेदार तोवर पुन्हा भावाकडे वळले होते. त्यांना ते ऐकू आलं नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि मी सुभेदारांच्या समोर जाऊन, त्यांना नीट वाचता येईल असं, सावकाश म्हणालो, "हो साहेब. कळलं."